ॲमांटाडीन: फ्लूच्या विषाणूतलं छिद्र, त्याचं बूच आणि ते बूच का निसटलं

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका सत्तरीपुढच्या गृहस्थांना कंपवात आहे आणि ते रोज ॲमांटाडीनची कॅप्सूल घेतात. सोबतच्या माहितीपत्रकात ‘इन्फ्लुएन्झा ए’ असा उल्लेख त्यांच्या मुलीने वाचला. ती बेळगावात एम.एस्सी. करते. तिला चार गोष्टी हव्या आहेत: हे मुळात फ्लूचं औषध होतं का, ते विषाणूला नेमकं कुठे पकडतं, पावसाळ्यात वडिलांचा फ्लूपासून बचाव होतो का, आणि खानापूरच्या रानातल्या वनस्पतींचे अर्क याच प्रथिनावर तपासायचे तर प्रकल्प कसा आखावा.

आधी घरचं सांगतो. बचाव होत नाही. आज माणसांत फिरणारे एच१एन१ आणि एच३एन२ हे दोन्ही विषाणू या औषधाला जुमानत नाहीत, आणि ‘बी’ प्रकारच्या फ्लूवर तर ते कधीच चाललं नव्हतं. पण म्हणून कॅप्सूल बंद करायची नाही. वडिलांना ती कंपवातासाठी दिली आहे आणि त्या कामाला ती उपयोगी आहे.

औषध मुळात फ्लूचंच. अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला फ्लूच्या प्रतिबंधासाठी परवानगी मिळाली, तेव्हा एच२एन२ म्हणजे ‘एशियन फ्लू’चा काळ होता. पुढे कंपवात असलेल्या एका बाईंनी ते फ्लू टाळण्यासाठी घेतलं आणि त्यांचा थरथराट आणि ताठरपणा कमी झाला. त्यावरून १९६९ मध्ये कंपवातावरच्या उपयोगाचा अहवाल आला. दोन्ही ठिकाणी औषध आयनांच्या वाटेतच जाऊन बसतं, हे मला विलक्षण वाटतं. मेंदूत ते एनएमडीए नावाच्या ग्राहीच्या छिद्रात बसतं, विषाणूत एम२ नावाच्या प्रथिनाच्या छिद्रात. ही दोन प्रथिनं एकमेकांची कोणी लागत नाहीत.

आता एम२. फ्लूचा विषाणू पेशीच्या पटलाला चिकटतो आणि पेशी त्याला एका फुग्यात गुंडाळून आत ओढते. या फुग्यात पेशी हळूहळू आम्ल भरते. सुरुवातीला पीएच ६ ते ६.५ असतो, पुढे तो ५ ते ५.५ पर्यंत उतरतो. पेशीच्या दृष्टीने ही पचनाची तयारी आहे, विषाणू मात्र या आम्लाचीच वाट पाहत असतो. बाहेरच्या बाजूला आम्लामुळे हिमाग्लुटिनिन या प्रथिनाचा काटा उलगडतो आणि विषाणूचं पटल फुग्याच्या पटलाशी जोडतो. पण तेवढ्याने भागत नाही. आत आरएनएचे आठ तुकडे एम१ नावाच्या प्रथिनाच्या अस्तराला घट्ट चिकटलेले असतात. ते तसेच राहिले तर पटलं जोडली जाऊनही तुकडे केंद्रकाकडे जाऊ शकत नाहीत. ती पकड सुटायला विषाणूच्या पोटातही आम्ल जावं लागतं, आणि तिथे जायची वाट म्हणजे एम२.

प्रथिन लहानसं आहे, फक्त ९७ अमिनो आम्लांचं. अशा चार साखळ्या उभ्या एकत्र येतात आणि मधोमध पोकळी राहते. प्रत्येक साखळीची साधारण पहिली २४ अमिनो आम्लं पटलाबाहेर, पुढची वीसेक पटलात गुंडाळीसारखी, उरलेली आत. १७ आणि १९ क्रमांकाच्या सिस्टीनमधले गंधकाचे बंध चौकडीला बाहेरून आवळून धरतात. एका विषाणूकणावर हिमाग्लुटिनिनचे शेकडो काटे असतात, एम२चे चौकडे मात्र मोजकेच.

पोकळीत वरून खाली उतरत गेलं तर आधी २७ क्रमांकाचं व्हॅलीन लागतं. चार व्हॅलीन मिळून तोंडाशी एक अरुंद, पाण्याला नकोशी वाटणारी झडप करतात. मग ३० वर ॲलनीन, ३१ वर सेरीन, ३४ वर ग्लायसीन. इथे जरा ऐसपैस जागा आहे आणि औषध इथेच बसतं. त्याखाली ३७ वर हिस्टिडीन आणि ४१ वर ट्रिप्टोफॅन. अगदी तळाशी ४४ वर ॲस्पार्टिक आम्ल. परीक्षेसाठी पाठ करायचे असतील तर ३७ आणि ४१ करा. ‘बी’ प्रकारच्या फ्लूच्या बीएम२ प्रथिनात बाकी सगळं बदललेलं आहे, पण हिस्टिडीन, मध्ये तीन अमिनो आम्लं, मग ट्रिप्टोफॅन, ही मांडणी तशीच आहे. तिथे त्यांचे क्रमांक १९ आणि २३.

एम२सारख्या आयनांच्या वाटेला ‘चॅनेल’ म्हणतात. ‘चॅनेल’ म्हटलं की डोळ्यांसमोर राकसकोपच्या धरणाचं दार येतं: दार वर केलं की पाणी धो धो. चेतापेशीतला पोटॅशियमचा चॅनेल खरोखर तसा आहे, सेकंदाला कोटीच्या घरात आयन सोडतो. एम२ तसा नाही. भरपूर आम्ल असतानाही एक चौकडा सेकंदाला काही शे प्रोटॉनच, म्हणजे आम्लातले हायड्रोजन आयनच, आत नेतो. धरणाच्या दारापेक्षा स्लॅब टाकतानाची घमेल्यांची रांग इथे चपखल बसते. माणूस जागचा हलत नाही, घमेलं हातोहात वर जातं. पोकळीत पाण्याचे रेणू एकाखाली एक ओळीने धरलेले असतात आणि प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर दिला जातो. सोडियम किंवा पोटॅशियमला अशी हातोहात सोय नाही, त्यांना स्वतः घुसावं लागतं आणि तेवढी जागाच नसते. म्हणून एम२ त्यांच्यापेक्षा प्रोटॉनला लाखो पटींनी झुकतं माप देतो.

इतक्या मंद चॅनेलने विषाणूचं भागतं कसं? हिशेब करून पाहा. १०० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान साधारण ५ × १०⁻¹⁹ लिटर येतं. पीएच ७ ला इतक्या जागेत मोकळे प्रोटॉन किती? सरासरी ०.०३. म्हणजे एकही नाही. पीएच ५ ला तीन. खरा खप मोकळ्या प्रोटॉनचा नाहीच, आतली प्रथिनं आणि आरएनए जे प्रोटॉन शोषतात त्यांचा आहे, आणि तो हजारांत जातो. चौकडे मोजके, पण प्रत्येकी सेकंदाला काही शे. काम मिनिटाच्या आत उरकतं. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की प्रथिन इतकं मंद का, हा प्रश्न उरत नाही.

दार उघडतं ते हिस्टिडीनमुळे. चार साखळ्यांची चार हिस्टिडीन एकमेकांकडे तोंड करून बसलेली असतात. पहिले दोन प्रोटॉन ती सहज धरतात, त्यासाठीचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या जागा प्रोटॉनने भरतात तो आकडा) ८.२ च्या आसपास मोजला गेला आहे. म्हणजे साध्या तटस्थ पीएचलाही चौकडीवर दोन धन भार असतातच, आणि ते आपसांत वाटून घेऊन ती शांत बसते. तिसऱ्या प्रोटॉनचा पीकेए ६.३ च्या आसपास. फुगा आम्लधर्मी होताना पीएच नेमका या आकड्यापाशी येतो, तिसरा भार चढतो, आणि आता तीन धन भार एकमेकांना ढकलू लागतात. खालचा भाग फाकतो, ट्रिप्टोफॅनची सपाट कडी बाजूला सरते, हिस्टिडीन आपला प्रोटॉन खालच्या पाण्याला देते आणि पुन्हा वरून घ्यायला मोकळी होते. चौथ्या प्रोटॉनचा पीकेए ५ च्याही खाली असल्यामुळे ती अवस्था फारशी येत नाही.

ट्रिप्टोफॅन नुसती झडप नाही, ती एकेरी झडप आहे. आत आम्ल जास्त आणि बाहेर कमी अशी उलट स्थिती आली तर प्रोटॉन परत बाहेर पडू नयेत, हे ती पाहते, आणि ४४ क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल तिला जागेवर धरून ठेवतं. तिथे अस्पॅरॅजिन घातलं की झडप ढिली होते आणि उलटी गळती सुरू होते.

एम२ला आणखी दोन कामं आहेत. एच५ आणि एच७ जातींच्या काही घातक विषाणूंत हिमाग्लुटिनिन पेशीतून बाहेर पडण्याआधीच, गॉल्जी या पेशीतल्या भागाच्या वाटेवर, कापलं जातं. कापलेला काटा आम्लात पडला तर तो जागच्या जागी उलगडून वाया जातो. एम२ तिथलं आम्ल थोडं कमी करून त्याला वाचवतो. शिवाय नवा विषाणू पेशीतून सुटताना पटलाचा देठ तोडायला एम२ची आतली शेपटी मदत करते. तिसऱ्या कामावर ॲमांटाडीनचा काही परिणाम नाही.

आता औषध. ॲडमँटेन म्हणजे दहा कार्बनचा पिंजरा, हिऱ्याच्या जाळीचा सर्वांत लहान तुकडा म्हणा. हा पिंजरा पहिल्यांदा १९३३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या खनिज तेलात सापडला. त्याच्या एका कोपऱ्याला अमिनो गट लावला की ॲमांटाडीन. रिमांटाडीनमध्ये पिंजरा आणि अमिनो गट यांच्यामध्ये आणखी एक छोटी जोड आहे. पिंजरा गोलसर, कडक आणि पाणी टाळणारा. व्हॅलीनची झडप आणि ग्लायसीन यांच्यामधल्या ऐसपैस जागेत तो चपखल बसतो. अमिनो गटावर धन भार असतो, तो खाली हिस्टिडीनच्या दिशेने तोंड करतो आणि मधल्या पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरतो. प्रोटॉन धरलेलं पाणी जिथे थांबायचं तिथेच औषधाचा भार जाऊन बसतो. त्यामुळे वाट दोन प्रकारे बंद होते: पिंजऱ्याने भोक बुजतं, आणि भारामुळे वरून येणारा प्रोटॉन मागे ढकलला जातो.

इथे एक जुना वाद माहीत असू द्या, कारण इंटरनेटवर दोन्ही चित्रं सापडतात. २००८ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात एम२च्या दोन रचना आल्या. क्ष-किरणांच्या रचनेत ॲमांटाडीनचा एक रेणू पोकळीत होता. चुंबकीय अनुनादाच्या (एनएमआर) रचनेत रिमांटाडीनचे चार रेणू बाहेरच्या बाजूला, पटलाला लागून, ४४ क्रमांकाजवळ चिकटलेले होते. दोन वर्षांनी घन अवस्थेतल्या अनुनादाच्या मोजणीतून स्पष्ट झालं की घट्ट पकड पोकळीतलीच आहे. बाहेरची जागा औषध खूप जास्त झालं की मगच भरते. प्रतिकार देणारे बदल पोकळीकडे तोंड असलेल्या जागांवर येतात, हाही त्याला पुरावा. कॉम्प्युटरवर डॉकिंग करताना, म्हणजे रेणू प्रथिनात कुठे बसेल हे आजमावताना, मात्र आजही काही जण २आरएलएफ ही बाहेरच्या जागेची रचना उचलतात आणि औषध तिथेच चिकटवून निकाल लिहितात. तो निकाल निरुपयोगी आहे.

बूच इतकं चपखल होतं, आणि तोच त्याचा घात ठरला. चपखल बसणाऱ्या वस्तूला जागेत जरासा फरक झाला तरी चालत नाही. ३१ क्रमांकाच्या सेरीनचा जनुकातला तीन अक्षरी संकेत (कोडॉन) एजीटी. मधल्या जीच्या जागी ए आला की एएटी, म्हणजे अस्पॅरॅजिन. यालाच एस३१एन म्हणतात: एस म्हणजे सेरीन, एन म्हणजे अस्पॅरॅजिन. अक्षर एकच बदललं, पण पोकळीत चार साखळ्यांतून चार मोठे गट पुढे आले. ते एकमेकांशी हायड्रोजन बंध बांधून वाट आवळतात. पाणी आणि प्रोटॉन अजूनही जातात, पिंजरा मात्र मावत नाही. दुसरा बदल व्ही२७ए अगदी उलटा आहे. तोंडाशी मोठं व्हॅलीन जाऊन लहान ॲलनीन येतं, जागा वाढते आणि औषध खुळखुळतं. बाकी एल२६एफ, ए३०टी, जी३४ई वगैरे आहेत, पण ते क्वचित दिसतात. रुग्णांत सापडणाऱ्या प्रतिकारी विषाणूंपैकी बहुतेक सगळे एस३१एन असतात, कारण या बदलाची विषाणूला जवळजवळ काही किंमत मोजावी लागत नाही. तो तितक्याच जोमाने वाढतो आणि पसरतो.

पूर्वी हे औषध घेणाऱ्या फ्लूच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांशांत काही दिवसांतच प्रतिकारी विषाणू दिसायचा आणि तो घरातल्या इतरांना लागायचा. जगभरचे नमुने पाहिले तर १९९४-९५ मध्ये प्रतिकाराचं प्रमाण ०.४ टक्के होतं, २००३-०४ मध्ये ते १२.३ टक्के झालं. अमेरिकेत २००५-०६ च्या हंगामात तपासलेल्या एच३एन२ पैकी ९२ टक्के प्रतिकारी निघाले आणि जानेवारी २००६ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने फ्लूसाठी हे औषध न वापरण्याची सूचना दिली. २००९ च्या स्वाइन फ्लूला एम जनुक मिळालं तेच युरेशियातल्या डुकरांच्या विषाणूकडून, त्यात एस३१एन आधीपासून होता. म्हणजे पहिल्या रुग्णापासूनच औषध निकामी.

औषधाच्या अतिवापरानेच हे झालं, असं सरसकट लिहिलं जातं. ते मला अर्धवट वाटतं. जिथे हे औषध फारसं दिलंच जात नव्हतं तिथेही प्रतिकारी एच३एन२ पसरला. हा बदल दुसऱ्या फायद्याच्या बदलांच्या पाठीवर बसून जगभर गेला, हे स्पष्टीकरण अधिक पटतं. वापराने ठिणगी पडली असेल, आग पसरायला किंमत न मोजावी लागणं पुरेसं होतं. तरीही निपाणी-चिकोडीकडच्या पोल्ट्रीवाल्यांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी: माणसांची विषाणूविरोधी औषधं कोंबड्यांच्या पाण्यात टाकू नका. बर्ड फ्लूच्या काही वंशांत हे औषध अजून चालू शकतं, ती शिल्लक घालवायची नाही.

नवं बूच बनवायचे प्रयत्न झाले. ॲडमँटेनच्या अमिनो गटाला आयसॉक्साझोलसारखी सपाट कडी जोडून एस३१एन बंद करणारी संयुगं तयार झाली. गंमत अशी की यांतली काही पोकळीत उलटी बसतात, डोकं वर झडपेकडे आणि पिंजरा खाली. प्रयोगशाळेत ती चालतात, पण रुग्णांसाठी मंजूर झालेलं एकही नाही. अडचण जागेची आहे. पोकळी लहान, भिंत पाणी टाळणारी, पकडायला गट कमी. एस३१एनवर बसणारं संयुग मूळच्या सेरीनवाल्यावर किंवा व्ही२७एवर तितकं बसत नाही. हिस्टिडीनची चौकडी मात्र विषाणूला बदलता येत नाही, ती बदलली तर प्रोटॉनच जाणार नाहीत. त्यामुळे शोध तिकडे वळायला हवा, असं माझं मत आहे.

आता प्रकल्प. पहिली चूक सगळ्यांची होते ती क्रमवारी वाचताना. जनुकाच्या सातव्या तुकड्यावर एम१ आणि एम२ दोघांची माहिती आहे आणि दोघांची सुरुवात एकच, २६ व्या अक्षरापासून. एम२साठी मधला मोठा भाग कापून टाकला जातो: २६ ते ५१ घ्यायचं, मग थेट ७४० ते १००७. सुरुवातीपासून सरळ मोजत गेलात तर ३१ वा संकेत ११६ ते ११८ वर येतो, पण तो एम१चा. एम२चा ३१ वा संकेत ८०४ ते ८०६ वर आहे. प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं ते छोटे तुकडे) त्याच्या दोन्ही बाजूंना किमान शंभर अक्षरं सोडून घ्या, कारण सँगर पद्धतीच्या जनुकवाचनाची पहिली ३०-४० अक्षरं गढूळ येतात.

दुसरी चूक विषाणूची निवड. प्रयोगशाळांत सहज मिळणारे डब्ल्यूएसएन आणि पीआर८ हे दोन्ही जुने वाण मुळातच ॲमांटाडीनला दाद देत नाहीत, दोघांतही एस३१एन आहे. त्यांच्यावर ‘औषध चाललं नाही’ असा निकाल आला तर त्याला काही अर्थ नाही. उडॉर्न हा १९७२ चा वाण संवेदनशील आहे. तिसरी चूक मात्रेची. ॲमांटाडीन हे आम्लारी (बेस) आहे, जास्त प्रमाणात ते स्वतःच पेशीच्या फुग्यांत साठून तिथलं आम्ल मारतो. पाच मायक्रोमोलरपर्यंतचा परिणाम एम२चा समजायचा. शंभर मायक्रोमोलरला एम२ नसतानाही विषाणू अडतो.

बेडकाच्या अंडपेशीवरची मोजणी ही या विषयातली मूळ पद्धत आहे, १९९२ मध्ये एम२ हा चॅनेल आहे हे तिच्यातूनच सिद्ध झालं. आरएनए टोचून दोन-तीन दिवस थांबायचं, बाहेरचा द्रव पीएच ८.५ वरून ५.५ वर आणायचा आणि दोन सुयांनी प्रवाह पाहायचा. पण त्याला यंत्र लागतं, झेनोपस बेडूक लागतात, परवानग्या लागतात. एम.एस्सी.च्या वर्षात हे बसत नाही. लायपोसोमची, म्हणजे मेदाच्या कृत्रिम फुग्यांची, पद्धत स्वस्त आहे, पण वनस्पतींच्या अर्कांसाठी मी ती अजिबात सुचवणार नाही. लायपोसोममध्ये पायरानिन हा पीएच दाखवणारा रंग भरतात, व्हॅलिनोमायसिन घालून पोटॅशियम बाहेर काढतात आणि त्या ओढीने प्रोटॉन आत येताना पाहतात. रिठा, शिकेकाईसारख्या अर्कातलं सॅपोनिन पटलच फोडतं. हिरड्यातलं टॅनिन प्रथिनाला सरसकट चिकटतं. अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग पायरानिनचा प्रकाश खातो. तिन्ही वेळा आकडा बदलतो आणि एम२चा त्याच्याशी काही संबंध नसतो.

तुमच्यासाठी यीस्ट. बेकरीच्या यीस्टमध्ये गॅलॅक्टोजवर चालणाऱ्या जीएएल१ प्रवर्तकापुढे (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागापुढे) एम२चं जनुक घाला. ग्लुकोजवर यीस्ट नीट वाढतं, गॅलॅक्टोजवर एम२ तयार होतं, पेशीचा आम्लाचा तोल बिघडतो आणि वाढ खुंटते. चॅनेल बंद करणारं द्रव्य घातलं की वाढ परत येते. ही पद्धत १९९५ मध्ये वापरली गेली आणि तिच्यातून एक नवा अवरोधक सापडलाही. जिवंत विषाणू लागत नाही, ९६ खळग्यांची ताटली आणि ६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजणारं यंत्र पुरतं. सर्वांत मोठा फायदा असा की विषारी अर्क इथे आपोआप गळतात. नरक्यासारख्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, पेशी मारणारं. विषाणूच्या पेशीसंवर्धनात असा अर्क ‘फ्लूवर गुणकारी’ दिसू शकतो, कारण विषाणूला वाढायला पेशीच उरत नाही. यीस्टमध्ये मरणारी पेशी वाढ दाखवू शकत नाही.

पण इथेही एक खड्डा आहे, आणि अर्क तपासणारे त्यात हमखास पडतात. पानाफुलांच्या पाण्यातल्या अर्कात ग्लुकोज असतं. ग्लुकोज जीएएल१ला बंद करतं, एम२ बनतच नाही, यीस्ट जोरात वाढतं आणि अर्काने चॅनेल बंद केला असं वाटतं. म्हणून प्रत्येक ताटलीत शेजारी शेजारी तीन वाण ठेवा: मूळ एम२, एस३१एन एम२, आणि त्याच प्रवर्तकावर रंग देणारं एखादं साधं प्रथिन. ग्लुकोजची करामत असेल तर दोन्ही एम२ वाण वाढतील आणि रंग उतरेल. रंग कायम राहून फक्त मूळ एम२चा वाण वाढला तर अर्कात ॲमांटाडीनसारखं काहीतरी आहे. रंग कायम आणि दोन्ही वाढले, तर वही नीट भरून मार्गदर्शकांकडे जा, कारण ती सर्वांत मोलाची शक्यता आहे. आधीचं संवर्धन रॅफिनोजवर वाढवा म्हणजे ग्लुकोजचा अंश मागे राहत नाही. वाचन पहिल्या ४८ तासांत संपवा. त्यानंतर एम२ बिघडवून बसलेल्या यीस्टच्या पेशी वाढू लागतात आणि रिकाम्या खळग्यांतही वाढ दिसते. ॲमांटाडीनचा खळगा दर ताटलीत हवाच. तो चालला नाही तर ताटली फेकायची, बाकीचे आकडे कितीही चांगले असोत.

डॉकिंग करायचंच असेल तर औषध पोकळीत असलेली रचना घ्या. पोकळीतलं पाणी काढून टाकू नका, औषधाची पकड त्या पाण्यावरच आहे. हिस्टिडीनवर किती प्रोटॉन धरलेत हेही लिहा. आणि केवळ डॉकिंगच्या आकड्यावरून ‘औषधी गुण’ असं शीर्षक देऊ नका.

शेवटी वडिलांचं. ॲमांटाडीन शरीरात फारसं मोडत नाही, जवळजवळ जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पावसाळ्यात ताप आला, जेवण-पाणी कमी झालं की लघवी कमी होते आणि औषध रक्तात साठतं. मग गोंधळ उडणं, नसलेली माणसं दिसणं असे प्रकार सुरू होतात आणि घरच्यांना वाटतं की ताप डोक्यात गेला. तापात पाणी, पेज, ताक चालू ठेवा, लघवीवर लक्ष ठेवा. असं काही दिसलं तर डॉक्टरांना ‘ॲमांटाडीन चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) तपासून ते मात्रा ठरवतील. स्वतःहून एकदम बंद केलं तर ताठरपणा झपाट्याने वाढतो, ताप आणि बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर आणू नका. त्यातल्या क्लोरफेनिरामिनसारख्या द्रव्याने हाच गोंधळ दुप्पट होतो, ट्रायहेक्सिफेनिडिल हे कंपवाताचं दुसरं औषध चालू असेल तर आणखीच.

फ्लूचा संशय असेल तर औषध ओसेल्टामिव्हिर. ते एम२ला हातच लावत नाही, न्यूरामिनिडेज या विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनाला पकडतं. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं. प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मूत्रपिंड मंद असेल तर कमी. या वयात वाट न पाहता पहिल्याच दिवशी दवाखाना गाठा. दरवर्षी पाऊस लागण्याआधी, एप्रिल-मेच्या सुमारास, फ्लूची इंजेक्शनची लस घ्या. तिचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि ॲमांटाडीनमुळे तिला काही बाधा येत नाही. नाकात मारायची जिवंत लस या वयासाठी नाही. ॲमांटाडीनची दिवसातली शेवटची कॅप्सूल दुपारी चारच्या आत द्या, नंतर दिली तर रात्रीची झोप उडते.